तळोजाच्या नोंदवहीतली ती पाने उघडा

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक,
कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,
सादर नमस्कार.

मी अमळनेरची. जळगाव जिल्ह्यातल्या शाळांत सत्तावीस वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्त झाले. आमच्या घरातले कोणी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेले नाही, तुरुंग तर लांबच. तरीही आपल्या खात्याला हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण एका म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूबद्दलचे काही प्रश्न माझ्या मनातून जात नाहीत. फादर स्टॅन स्वामी. झारखंडात आदिवासींसाठी काम करणारे ख्रिस्ती धर्मगुरू, एल्गार परिषद प्रकरणातले एक आरोपी. वय ८४. ५ जुलै २०२१ रोजी ते गेले तेव्हा मुंबईच्या रुग्णालयात होते, पण होते आपल्याच ताब्यात, तळोजा मध्यवर्ती कारागृहाचे न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले कैदी, म्हणून.

हे प्रश्न मला का पडले, ते आधी सांगते.

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, सहा वर्षे कंपवात होता. पहिल्यांदा बिघडली ती सही. बँकेत सही जुळेना म्हणून पैसे मिळाले नाहीत आणि नाना घरी येऊन मुकाट बसून राहिले. मग शर्टाची बटणे लागेनात. मग चहा. नाना जन्मभर बशीत ओतून चहा प्यायचे. एक दिवस ओठापर्यंत गेलेली बशी तिथेच थडथडायला लागली आणि सगळा चहा धोतरावर सांडला. भाजले असणार, पण ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "मना हात मनं ऐकत नई वं माय." त्या दुपारी मी बसस्टँडजवळच्या रसवंतीवर गेले आणि मूठभर नळ्या मागून आणल्या. रसवंतीवाल्याने पैसे घेतले नाहीत. 'कोणासाठी?' एवढेच त्याने विचारले, मी सांगितल्यावर आणखी चार काढून दिल्या.

कंपवाताच्या घरात प्यायची नळी म्हणजे काय हे मी त्या दिवशी शिकले. ती चैन नव्हे. तिच्याशिवाय पाणी पोटात जात नाही.

म्हणून २०२० सालच्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रात आले, की ८३ वर्षांचा एक कंपवाताचा कैदी आपली नळी आणि सिपर, म्हणजे नळी लावलेला झाकणाचा पेला, मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करतो आहे, तेव्हा मी ती बातमी तीनदा वाचली. ८ ऑक्टोबरला एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, त्यांना रांचीतून अटक केली होती. ६ नोव्हेंबरला अर्ज झाला. उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला उत्तर आले, की आम्ही त्यांची नळी वा सिपर जप्त केलेलाच नाही. मग कोर्टाने कारागृहाकडे विचारणा केली. देशभरातून लोकांनी टपालाने सिपर पाठवले. तेव्हा कारागृहाकडून सांगण्यात आले, की सिपर तर आम्ही पहिल्यापासून दिलेला आहे.

महोदय, माझा पहिला प्रश्न इथेच आहे आणि तो अगदी साधा आहे. पहिल्यापासून दिला असेल, तर ज्याच्या हातात सिपर आहे तो माणूस सिपरसाठी कोर्टात अर्ज का करील? आणि दिला नसेल, तर दिला असे कोणी कशाच्या आधारावर सांगितले? आपल्याकडे बंद्याला दिलेल्या कांबळ्याची, ताट-वाटीची नोंद होते. तशी या सिपरचीही असणार. कोणत्या तारखेला दिला, कोणी दिला, कोणी घेतला, सही की अंगठा, हे एका ओळीत संपणारे उत्तर आहे. ती ओळ असलेले पान लोकांपुढे ठेवायला काय अडचण आहे?

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. हा ज्याच्या घरात कंपवाताचा रुग्ण नाही त्याला सुचणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या आजाराची मुख्य गोळी लेव्होडोपाची. ती घड्याळावर चालते. नानांची गोळी सकाळी सात, दुपारी बारा, सायंकाळी पाच आणि रात्री नऊला असे. अर्धा-पाऊण तास उशीर झाला की अंग लाकडासारखे व्हायचे. खाटेवर कूस बदलता यायची नाही, घास गिळता यायचा नाही, लघवीला उठता यायचे नाही. गिळता आले नाही की अन्न-पाणी श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसात संसर्ग होतो. नानांना दोनदा झाला. डॉक्टर मला दर खेपेला पहिला प्रश्न एकच करायचे, गोळ्या वेळेवर होत्या का?

तुरुंगात संध्याकाळी गिनती होते आणि सगळ्यांना आत कोंडतात. बराकीला कुलूप लागते ते सकाळीच उघडते. मग रात्रीची गोळी कोण देत होते? कुलूप लागण्याआधी पुडी हातात दिली जायची का? ज्याचे हात थरथरतात त्याला ती पुडी उघडता येत होती का? आपल्या दवाखान्यात औषधवाटपाची वही असणारच. त्या वहीत ऑक्टोबर २०२० ते मे २०२१ या महिन्यांत या एका बंद्याच्या नावापुढे वेळ लिहिलेली आहे का, की नुसती बरोबरची खूण?

तुरुंगातल्या माणसांनी त्यांना सांभाळले, हेही मला लिहिलेच पाहिजे. फादरांनी आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे, की सोबतचे बंदी त्यांना जेवायला मदत करतात, आंघोळ घालतात, कपडे धुवायला हात लावतात. साधारण तेरा बाय आठ फुटांच्या खोलीत तिघे राहत होते. ते वाचून मला भरून आले. पण एका आरोपीला दुसऱ्या आरोपीने आंघोळ घालावी लागते, याचा अर्थ त्या कामासाठी सरकारचा माणूस नव्हता. होता, तर त्याचे नाव आणि त्याची पाळी कुठेतरी नोंदलेली असेल.

आता मे महिना. २१ मे २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना व्हिडिओवर पाहिले. त्यांनी न्यायमूर्तींना सांगितले, की मी तळोजात आलो तेव्हा माझे शरीर बरे चालत होते, मी चालत होतो, लिहीत होतो, आंघोळ करत होतो. या आठ महिन्यांत एकेक करून सगळे गेले. आता कोणीतरी चमच्याने भरवावे लागते. जे. जे. रुग्णालयात जायला त्यांनी नकार दिला. त्यापेक्षा इथेच मरेन, एरवी मला रांचीला माझ्या माणसांत जाऊ द्या, असे ते म्हणाले. २८ मे रोजी न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला सांगितले. तिथे पोचताच तपासणी झाली आणि कोरोना निघाला.

तिथे पोचताच. म्हणजे लागण आधीची, आपल्याकडची. त्यांना ताप कधीपासून होता? खोकला कधी सुरू झाला? आपल्या दवाखान्यात त्यांचे ऑक्सिजन रोज मोजले जात होते का आणि आकडा काय होता? एप्रिल-मे २०२१ मध्ये आमच्या गावातल्या आशाताईसुद्धा दारोदार फिरून बोटाला ते यंत्र लावून वहीत आकडा टिपत होत्या. उन्हाने रस्ता तापलेला, डोक्यावर ओला रुमाल, आणि वही कोरडी राहावी म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या वह्या आमच्या आरोग्य केंद्रात अजून असतील. तळोजातली तशी वही कुठे आहे?

४ जुलैच्या पहाटे त्यांचे हृदय थांबले आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवले. ५ जुलैला दुपारी दीडच्या सुमारास ते गेले. त्याच दिवशी उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी होती. रुग्णालयाच्या डॉक्टरांनीच न्यायमूर्तींना सांगितले, की अर्जदार आता नाहीत.

सरकार म्हणेल, की आम्ही त्यांना खासगी रुग्णालयात पाठवले, तिथे उत्तम उपचार झाले. त्या रुग्णालयाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी त्याआधीच्या आठ महिन्यांबद्दल विचारते आहे. तळोजाच्या दवाखान्यात तिन्ही डॉक्टर आयुर्वेदाचे आहेत, असे फादरांच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले होते. आयुर्वेदाचा अनादर नाही, आमच्या घरातही काढे होतात. पण कंपवाताच्या गोळीचा डोस कमी-जास्त करायला मेंदूविकाराचा डॉक्टर लागतो. तो फादरांना किती वेळा भेटला? शिवाय या दवाखान्याची स्थिती आपल्या खात्याला मे महिन्यातच कळली असेही नाही. त्याच्या तीन महिने आधी, २२ फेब्रुवारी २०२१ रोजी, याच प्रकरणातले दुसरे वृद्ध आरोपी, तेलुगू कवी वरवरा राव यांना उच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला होता आणि तळोजाच्या दवाखान्यात त्यांची काळजी घेण्याइतकी सोय नाही, हे लक्षात घेऊनच दिला होता. त्यानंतर एका महिन्याने, २२ मार्चला, विशेष न्यायालयाने फादरांचा जामीन फेटाळला. या मधल्या महिन्यात आणि पुढच्या दोन महिन्यांत आपल्या खात्याने त्या दवाखान्यात काय बदलले? एखादा नवा डॉक्टर, एखादी परिचारिका, एखादा पलंग?

फादर दोषी होते की निर्दोष, यावर मी काही म्हणत नाही. तो खटला उभा राहण्याआधीच ते गेले. बचाव पक्षाने नेमलेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला, की त्यांच्या संगणकात बाहेरून फायली घुसवल्या होत्या. त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा. माझे म्हणणे त्याहून खालच्या पायरीवरचे आहे. दोषी ठरलेल्या माणसालाही पाणी पिण्याचा हक्क असतो आणि यांना तर कोणी दोषी ठरवलेलेच नव्हते.

आमच्या खानदेशात तुरुंग म्हटला की धुळ्याचा आठवतो. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार विनोबांनी तिथल्या कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी समोर बसून ती लिहून घेतली. गुरुजी आमच्या अमळनेरला शिक्षक होते, म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. तुरुंग इंग्रजांचा होता. कागद मोजून मिळायचा. बोलणारा कैदी, लिहिणाराही कैदी. तरी त्यातल्या कोणत्या रविवारी कोणत्या अध्यायावर काय बोलणे झाले, हे आज नव्वद वर्षांनंतर आम्हाला शब्दन्‌शब्द वाचता येते. आणि २०२१ साली, स्वतंत्र देशाच्या तुरुंगात, सीसीटीव्ही आणि संगणक असताना, एका आजारी म्हाताऱ्याला १० मे रोजी ताप होता की नव्हता, हे आम्हाला वाचता येत नाही. हे मला फार लागते.

नोंद आहे म्हणजे ती खरीच, असेही मी समजत नाही. अमेरिकेत जेफ्री एपस्टीन नावाचा बडा कैदी १० ऑगस्ट २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय तुरुंगात मेला. बड्या-बड्यांशी ऊठबस असलेला, अल्पवयीन मुलींच्या शोषणाचा आरोपी. मृत्यू आत्महत्येचा ठरला. आदल्या दिवशी त्याच्या कोठडीतला सोबती दुसरीकडे हलवला होता आणि त्याच्या जागी कोणी आले नव्हते. दर अर्ध्या तासाला बघायचे ते पहारेकरी रात्रभर फिरकलेच नाहीत, उलट फेरी मारली म्हणून त्यांनी खोट्या नोंदी केल्या. तुरुंगातले बरेच कॅमेरे चित्रण साठवतच नव्हते. हे सगळे त्यांच्याच न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी जून २०२३ मध्ये अहवालात छापून जगापुढे ठेवले. तरी लोकांच्या शंका मिटल्या नाहीत. २०२५ मध्ये त्या रात्रीचे चित्रण सरकारने प्रसिद्ध केले, तर त्यात मध्यरात्रीच्या आधी मिनिटभराची फट निघाली आणि पुन्हा गदारोळ झाला. मी त्या माणसाची आणि फादरांची बरोबरी करत नाही, करणारही नाही. पण दोन गोष्टी यातून घेते. एक, कैद्याबद्दल कोणाला काही वाटो न वाटो, तो ताब्यात मेला की हिशेब सरकारनेच द्यायचा. दुसरी, नुसती वही दाखवून भागत नाही. ती वही लिहिणाऱ्याला समोर बसवून, बाकीच्या कागदांशी ताडून बघणारा कोणीतरी लागतो.

तो कोणीतरी आपल्या कायद्याने दिलेला आहे. ताब्यातल्या मृत्यूची चौकशी पोलिसांपलीकडे न्यायदंडाधिकाऱ्यांनीही करावी, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ च्या पोटकलम १-अ मध्ये २००६ पासून आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १९६ व्या कलमात आले. फादरांच्या मृत्यूचीही अशी चौकशी लागली. अशा चौकशीला किती वजन असते हे आपण परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीच्या बाबतीत पाहिले. १५ डिसेंबर २०२४ रोजी हा तरुण न्यायालयीन कोठडीत गेला. आधी श्वासाच्या आजाराचे कारण सांगितले जात होते. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पोलिसांकडे बोट दाखवले, आई उच्च न्यायालयात गेली आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितले. म्हणजे अहवाल बाहेर आला की गोष्टी हलतात. कपाटात राहिला तर त्या मृत माणसाची आई, भाऊ, मित्र यांनी काय धरून पुढे जायचे?

एक जुने कलम माझ्या वकील भाच्याने मला दाखवले. पुरावा कायद्यातले १०६, आता भारतीय साक्ष अधिनियमात १०९. एखादी गोष्ट खास एखाद्यालाच ठाऊक असेल, तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. कुलपाच्या आत काय झाले हे कुलूप लावणाऱ्यालाच ठाऊक. मला कलमे कळत नाहीत, पण हे मात्र लगेच कळले. आमच्या शाळेत दुपारच्या सुट्टीत पोर पडले, तर त्याच्या बापाने पुरावा आणायचा नसतो. मी वर्गशिक्षिका, मी सांगायचे.

फादरांचे नाव मोठे होते म्हणून निदान आपण आज बोलतो आहोत. स्वतः त्यांनी झारखंडात ज्यांच्यासाठी काम केले ती आदिवासी पोरे वर्षानुवर्षे खटल्याविना आत पडलेली होती. त्यांच्यासाठी ते उच्च न्यायालयात गेले होते. मोठे नाव नसलेली अशी आदिवासी माणसे आपल्याकडेही आहेत. गडचिरोलीचा पांडू नरोटे, शेतकरी, तिशीतला. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर कारागृहाचा बंदी असताना स्वाइन फ्लूने गेला. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्याच्या प्रकरणातल्या सगळ्यांना निर्दोष सोडले, त्यात त्याचेही नाव होते. निर्दोष सुटला तेव्हा तो दीड वर्षापूर्वी मेलेला होता. त्याला ताप आला त्या दिवशी डॉक्टरांनी काय लिहिले, हे त्याच्या गावात कोणी वाचून दाखवले असेल का?

सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर, वर अक्राणी, अक्कलकुवा. इथले भिल्ल, पावरा बाप-भाऊ जळगावच्या, नंदुरबारच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दिवसभर बसलेले मी पाहिले आहेत. हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि आत गेलेल्या पोरासाठी एक बनियन. पुकारा मराठीत होतो, त्यांच्या कानाला पावरी हवी असते. त्यांच्यातले कोणी आत आजारी पडले तर सिपरचा अर्ज कोण लिहिणार? देशभरातून त्यांना टपालाने कोण काय पाठवणार? फादर स्टॅन स्वामींच्या प्रश्नाचे उत्तर आपण नीट दिलेत, तर त्या लिंबाखालच्या माणसालाही उद्या विचारता येईल. म्हणून मी एवढी चिवटपणे मागते आहे.

मागणी थोडकी आहे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल मराठीत आपल्या संकेतस्थळावर ठेवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोणी अर्ज करायची वाट न पाहताही ते करता येते. त्याबरोबर सिपरच्या नोंदीचे पान, औषधवाटपाची वही आणि १ एप्रिल ते २८ मे २०२१ या काळातले दवाखान्याचे रोजचे कागद ठेवा. इतर बंद्यांची नावे झाका, ते योग्यच आहे. आणि आज तळोजात, जळगावात, धुळ्यात, नंदुरबारात साठीच्या पुढचे किती बंदी आहेत आणि त्यांना तपासायला कोणत्या डॉक्टरने कोणत्या वारी यायचे, हे प्रत्येक कारागृहाच्या दर्शनी भिंतीवर लिहा, म्हणजे मुलाकातीला आलेल्या बाईला वाचता येईल, किंवा वाचून घेता येईल.

नानांच्या गोळ्यांची वही माझ्याकडे अजून आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. सहा वर्षांत अशा तीन झाल्या. तारीख, वेळ, गोळी, आणि पुढे ज्याने दिली त्याच्या नावाचे पहिले अक्षर. मी, भाऊ, वहिनी, कधी शेजारचा पोरगा. काही ठिकाणी रेघ आहे, तिथे गोळी चुकली आणि का चुकली ते बाजूला लिहिले आहे. एका रात्री मी झोपून गेले होते. तेही लिहिले आहे, 'मी झोपले' म्हणून. आम्ही घरची साधी माणसे, आम्हाला कोणी कायदा लावलेला नव्हता.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव